फिकट-गडद पट्ट्यांची गोधडी: लॉग केबिनची मांडणी कशी करावी

खानापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी बायका कवंद, म्हणजे जुन्या कापडांच्या तुकड्यांची गोधडी, शिवायला घेतात तेव्हा कडेपासून सुरुवात करून आत येतात. लॉग केबिन (ओंडक्यांचं घर) नावाची गोधडी उलट दिशेने वाढते. मध्ये एक चौकोन घ्यायचा आणि त्याच्याभोवती फेरी धरून एकेक पट्टी जोडत जायचं. लगतच्या दोन बाजूंना फिकट पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. चार फेऱ्यांनी ब्लॉक, म्हणजे गोधडीचा एक चौकोनी तुकडा, पुरा होतो आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका दुभंगलेला दिसतो. अमेरिकेत १८६० च्या दशकात ही पद्धत घरोघरी पोचली. मधला चौकोन बहुतेक वेळा लाल ठेवत, घरातल्या शेगडीची खूण म्हणून.

या गोधडीचं सगळं सौंदर्य फिकट आणि गडद यांच्या फरकात आहे. रंग कितीही सुंदर असोत, हा फरक पुसट राहिला तर मांडणी उठत नाही.

आधी कापडं निवडा

आपल्या भागात गडद कापडाला तोटा नाही. इरकलीचं सुती अंग, मग ते डाळिंबी असो, मोरपंखी असो की काळं, यासाठी फार उत्तम. शहापूर-वडगावच्या जुन्या सुती साड्याही चालतात. फिकट बाजूला जुनं धोतर, मलमल, शर्टाचं बारीक रेघांचं कापड घ्या. मधल्या चौकोनाला इरकलीचा लाल पदर शोभतो. तो सरकतो, म्हणून मागे पातळ सुती कापड लावा. लाल रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच पाहा. खणाचे धागे फार सुटतात. बारीक पट्ट्यांसाठी मी तो वापरणार नाही.

आता दोन ढीग करा. फिकट कोणतं आणि गडद कोणतं हे डोळ्यांना वाटतं तसं नेहमी नसतं, लाल आणि पोपटी रंग तर हमखास फसवतात. सगळी कापडं शेजारी-शेजारी ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत जे करडं, अधलंमधलं दिसेल ते बाजूला काढा, कितीही आवडतं असलं तरी.

माप आणि शिवण

मधला चौकोन अडीच इंच आणि पट्ट्या दीड इंच रुंद कापा. शिवण पाव इंचाची. चार फेऱ्यांनंतर ब्लॉक साडेदहा इंचांचा होतो आणि गोधडीत जोडल्यावर दहा इंच दिसतो. प्रत्येक फेरीत आधी दोन फिकट, मग दोन गडद पट्ट्या लावा. बाहेरची पट्टी लांब होत जाते, त्यामुळे एका ब्लॉकला फिकट पट्टी ४८ इंच लागते आणि गडद ५६ इंच. एका माणसाच्या पलंगासाठी आडवे सहा, उभे आठ असे ४८ ब्लॉक धरा; गोधडी ६० बाय ८० इंचांची होते. ब्लॉकसाठी ४४ इंच पन्ह्याचं गडद कापड पावणेतीन मीटर, फिकट अडीच मीटर आणि चौकोनांसाठी पाव मीटर घेतलंत की वाया जाणारं धरूनही पुरतं.

शिवणीबाबत मात्र कडक राहा. प्रत्येक शिवण अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) जास्त आत गेली तर पूर्ण ब्लॉक इंचभर लहान होतो, कारण आडव्या रेषेत आठ शिवणी येतात आणि प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचं कापड खाते. दर पट्टीनंतर इस्त्री करा, शिवणीचं कापड बाहेरच्या बाजूला वळवून. साडीचं कापड झिजलेलं असेल तर धोतराच्या चौकोनी तुकड्यावर ठेवूनच पट्ट्या शिवा. पूर्वीच्या कितीतरी लॉग केबिन अशाच अस्तरावर शिवलेल्या आहेत.

मांडणी

ब्लॉक एकमेकांना जोडायची घाई करू नका. सगळे ब्लॉक सोप्यात जमिनीवर पसरा. ब्लॉक तेच राहतात, फक्त फिरवायचे असतात आणि तेवढ्याने गोधडी पार बदलते. पहिल्यांदा करणाऱ्याने एकच नियम धरावा: गडद कडेला गडद कड, फिकट कडेला फिकट.

सर्वांत सोपी मांडणी ‘स्ट्रेट फरो’. एक ब्लॉक सुलटा, शेजारचा अर्धा फेरा फिरवून उलटा. पुढच्या ओळीची सुरुवात उलट्याने. नांगराच्या तासांसारखे तिरके गडद-फिकट पट्टे गोधडीभर उतरतात.

‘बार्न रेझिंग’ मला सर्वांत आवडते. अगदी मधले चार ब्लॉक असे ठेवा की त्यांचे गडद कोपरे एकत्र येतील. तिथे गडद शंकरपाळं तयार होतं. मग कडांचा तोच नियम पाळत चारही बाजूंना सारखेपणाने बाहेर या. एकाबाहेर एक फिकट-गडद चौकटी उमटतात. यासाठी आडवे आणि उभे दोन्हीकडे ब्लॉक सम संख्येत हवेत. चार-चार ब्लॉकचं तेच मधलं शंकरपाळं गोधडीभर पुन्हापुन्हा ठेवलं तर ‘सनशाइन अँड शॅडो’ होते.

नागमोडी हवी असेल तर ओळीत तिरप्या रेषा आलटून-पालटून ठेवा: एक चढती, एक उतरती. पहिल्या ओळीत गडद भाग खाली, दुसऱ्या ओळीत वर, पण रेषांचा क्रम दोन्ही ओळींत एकच.

प्रत्येक मांडणीचा फोटो काढा आणि तो लहान करून पाहा. चुकीचा फिरलेला ब्लॉक जमिनीवर नजरेतून सुटतो, फोटोत लगेच दिसतो.

पसंत पडल्यावर प्रत्येक ब्लॉकला ओळ आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचा, वरची बाजू बाणाने दाखवून. आधी आडव्या ओळी शिवा, मग ओळी एकमेकींना. खाली जुन्या साडीचे एक-दोनच थर घाला. इतक्या शिवणींवर जाड थर असला तर सुई जात नाही. धावदोराही दाट नको. प्रत्येक ब्लॉकच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर जाड सुती दोऱ्याची गाठ मारली तरी थर घट्ट राहतात. कडेला गडद कापडाची अडीच इंची पट्टी दुमडून लावा.