मैफिलीची वही: डावं पान कानाचं, उजवं पुस्तकाचं

वहीची डावी पानं ऐकलेल्या गाण्यासाठी ठेवा, उजवी त्यावरच्या वाचनासाठी. गाणं चालू असताना फार तर एक ओळ खरडायची: राग, ताल, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द), साथीला कोण. बाकीचं त्याच रात्री. ‘सवाई’सारख्या महोत्सवात मात्र दोन कलाकारांच्या मधल्या वेळातच लिहून टाका, नाहीतर सकाळी कोणाची तान कोणाच्या नावावर जमा झाली ते कळत नाही.

‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ हे शब्द वहीतून हद्दपार करा. महिन्याभराने त्यांतून काहीच ऐकू येत नाही. पडताळता येईल असं लिहा: तार षड्ज (वरचा सा) साधारण किती मिनिटांनी लागला, आलाप ‘आ’कारात होता की बंदिशीच्या बोलांनी, लय कुठे वाढवली.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालात सम (तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, पहिला ठोका) हरवते, कारण अतिविलंबित लयीत एक आवर्तन, म्हणजे एक फेरा, पाऊण मिनिटाच्याही पुढे जातं. चार बोटांची तीन-तीन पेरं म्हणजे बारा मात्रा, अंगठ्याने मोजा. तरीही चुकलात तर तबल्यावरचं ‘तिरकिट’ धरा. ते चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतं. त्यापुढे ‘तू ना’ आलं तर अर्धं आवर्तन बाकी आहे. ‘धी ना’ आलं की लगेच सम.

राग ओळखू आला नाही तर शेजाऱ्याला विचारण्याआधी गायक कोणत्या स्वरावर थांबतोय ते टिपा. भूप आणि देशकाराचे पाचही स्वर तेच, पण भूप गंधाराभोवती फिरतो आणि देशकार वर धैवताकडे ओढ घेतो. मारवा-पूरियाचंही तसंच: पहिल्यात रिषभ-धैवत, दुसऱ्यात गंधार-निषाद.

वाचन नंतर. संगीत समीक्षक वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ या पुस्तकात घराणी (गायकीच्या परंपरा) स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर मांडली आहेत: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर दोन्हींचा तोल साधणारं. हे आधी वाचून गेलात तर कान तेवढंच शोधत बसतो. म्हणून डावं पान भरल्यावर ते प्रकरण काढा आणि आपल्या नोंदी त्यात बसतात का पाहा. बसल्या नाहीत तर तसं उजवीकडे लिहा. डावीकडे काही खोडू नका, राग चुकीचा लिहिला असला तरी. कोणत्या स्वरसंगतीने फसवलं ते तिथेच सापडतं. पुढे ध्वनिमुद्रण मिळालं तर त्यावरच्या नोंदी वेगळ्या शाईने करा.