डोळ्यातली गाठ तिथलीच की दुसरीकडून आलेली, हे कसं ओळखतात

माझ्या मावशीचा ब्रेस्ट कॅन्सर बरा होऊन सहा वर्षं झालेली, आणि एक दिवस म्हणाली दादर स्टेशनच्या इंडिकेटरवरची अक्षरं वाकडी दिसतायत. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला, त्यात दोन महिने गेले, कारण जुना आजार डोळ्यांच्या डॉक्टरलाही सांगायचा असतो हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून सगळ्यात आधी हे करा, जुनी फाइल सोबत न्या आणि विचारायच्या आधीच सांगा की कॅन्सर कुठला होता, कधी झाला, आत्ता गोळ्या कुठल्या चालू आहेत.

मोठ्या माणसांच्या डोळ्याच्या आत कॅन्सर निघाला तर तो बहुतेकदा बाहेरून, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून आलेला असतो, बायकांमध्ये जास्त करून ब्रेस्टचा, पुरुषांमध्ये फुफ्फुसाचा. डोळ्याच्या पडद्यामागे, म्हणजे रेटिनामागे, कोरॉइड म्हणून थर असतो, तिथे रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्तातून फिरणाऱ्या पेशी तिथेच रुजतात. डोळ्यातच सुरू होणारा म्हणजे बहुतेकदा मेलानोमा, रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तो आपल्या लोकांत गोऱ्यांच्या मानाने खूप कमी.

घरी फरक ओळखता येत नाही. घरी एवढंच करायचं, एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा, रेषा वाकडी दिसली, सावली आली किंवा चमक दिसायला लागली तर रेटिनाच्या डॉक्टरकडे जा. ते थेंब टाकून बाहुली मोठी करतात, नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा लोकलने एकटं येऊ नका. तपासणी दोन्ही डोळ्यांची करून घ्या, दुसरा डोळा चांगला वाटत असला तरी! बाहेरून आलेल्या गाठी सहसा पिवळसर, पसरट, कधी एकाहून जास्त, कधी दोन्ही डोळ्यांत. मेलानोमा शक्यतो एकाच डोळ्यात, एकच, तपकिरी, घुमटासारखा किंवा अळंबीसारखा वर आलेला. पण बिनरंगाचा मेलानोमाही असतो म्हणून नुसत्या रंगावर कुणी ठरवत नाही, डोळ्याची सोनोग्राफी करतात, त्यात मेलानोमा आतून काळा पोकळ दिसतो आणि बाहेरून आलेली गाठ उजळ. तरी शंका राहिली तर क्वचित सुईने तुकडा घेतात.

पूर्वी कॅन्सर नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका, काहींचा फुफ्फुसाचा कॅन्सर आधी डोळ्यातच सापडतो, मग छातीचा सीटी किंवा पेट स्कॅन सांगतात तो टाळू नका.

हे सगळं एवढ्यासाठी की उपचार वेगळे. मेलानोमाला बऱ्याचदा डोळ्यावर किरणोत्सारी चकती शिवतात, आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) अशी रुथेनियमची चकती बनवलीय. बाहेरून आलेल्याला अख्ख्या शरीराचं औषध लागतं, गरज पडली तर बाहेरून रेडिएशन. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत पिवळे डाग निघाले, तिची गोळी बदलली, आणि इंडिकेटर ती आता परत स्वतः वाचते.

लहान मुलांचं मात्र वेगळं, फोटोत बाहुली पांढरी चमकली तर तो डोळ्यातलाच रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कॅन्सर असू शकतो, त्याच आठवड्यात दाखवा.