इल्कलीला जाणार असाल तर रविवारी जा

दरवर्षी मे संपत आला की ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करतं. विम्बल्डनचं तिकीट मिळालेलं नसतं, मुलं टेनिस शिकत असतात आणि मी विम्बल्डनआधी इंग्लंडातल्या इल्कलीच्या टेनिस स्पर्धेला जाते हे कुठून तरी कळलेलं असतं. "ताई, फायनलला येऊ ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे. फायनलचं नंतर बघू, आधी पात्रता फेरीला, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्यासाठीच्या सामन्यांना, या. ती बहुधा रविवारी सुरू होते. आणि आल्यावर एकाच तरुण खेळाडूचं नाव धरा. ते पोर हरेपर्यंत त्याच्या कोर्टाशेजारून हलू नका.

मी मूळची सांगलीची. लीड्सच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे आणि जूनमधला एक आठवडा मी वर्षभर आधी रजा टाकून राखून ठेवते. लीड्सहून गाडीनं अर्ध्या तासात इल्कली येतं. स्टेशनातून बाहेर पडलं की मागे टेकडीवर मूर, म्हणजे उघडा माळ, पसरलेला दिसतो. आपण मात्र उलट्या दिशेला, वॉर्फ नदीकडे उतरायचं. नदी ओलांडली की क्लब. रमतगमत गेलात तर वीस मिनिटं.

या स्पर्धेचा दर्जा आधी समजून घ्या. २०२५ साली इथे पुरुषांची चॅलेंजर १२५ आणि महिलांची डब्ल्यूटीए १२५ अशा, मोठ्या स्पर्धांच्या एक पायरी खालच्या, दोन स्पर्धा एकत्र झाल्या. १२५ म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. विम्बल्डनच्या विजेत्याला २००० मिळतात, त्यावरून अंदाज येईल. त्या वर्षी बर्मिंगहॅम, इल्कली, नॉटिंगहॅम असा ओळीनं तीन आठवड्यांचा क्रम होता. तो बदलतो, म्हणून तारखा त्या-त्या वर्षी एलटीएच्या, म्हणजे इथल्या टेनिस संघटनेच्या, संकेतस्थळावर बघूनच रजा टाका.

आता ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता. तो वाचता आला की निम्मं काम झालं. नावापुढे कंसात आकडा असेल तर तो मानांकित खेळाडू, त्याला तूर्त सोडा. 'डब्ल्यूसी' असेल तर वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजकांनी दिलेला प्रवेश. इथली बरीच वाइल्ड कार्डं एलटीए आपल्या तरुण मुलांना देते, त्यामुळे ब्रिटिश पोरं शोधायची पहिली जागा ही. 'क्यू' म्हणजे पात्रता फेरी जिंकून आलेला. 'एलएल' म्हणजे पात्रता फेरीत हरला, पण कोणी माघार घेतल्यामुळे आत आला. माझी पेन्सिल आधी पात्रता फेरीच्या ड्रॉवर फिरते. ज्या नावापुढे ब्रिटन आहे आणि वय एकविसाच्या आत आहे, त्याखाली रेघ.

पात्रता फेरीचा एवढा आग्रह का, ते सांगते. २०२४ साली नॉटिंगहॅमच्या चॅलेंजरमध्ये जेकब फर्नली नावाचा स्कॉटलंडचा मुलगा पात्रता फेरीतून आला. टेक्सासमधलं कॉलेज नुकतंच संपलेलं, क्रमवारीत पाचशेच्याही बाहेर. त्यानं ती स्पर्धाच जिंकली, विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड मिळवलं आणि तीन आठवड्यांच्या आत सेंटर कोर्टवर जोकोविचकडून एक सेट काढला. पात्रता फेरीला जे मोजके लोक बसले होते, त्यांनी हे सगळं सुरू होताना पाहिलं. उलटही होतं. २०२१ च्या जूनमध्ये त्याच नॉटिंगहॅमला ब्रिटनची एमा राडुकानू पहिल्याच फेरीत हॅरिएट डार्टकडून सरळ दोन सेटमध्ये हरली होती. सप्टेंबरात तिनं अमेरिकन ओपन जिंकली, तीही पात्रता फेरीपासून दहा सामने खेळून आणि एकही सेट न गमावता. तेव्हा पोर हरलं म्हणून त्याच्या नावावर काट मारू नका.

अमेरिकन कॉलेजातून परतणाऱ्या मुलांकडे खास लक्ष ठेवा. ब्रिटनचे कॅमरन नॉरी आणि फर्नली दोघेही टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतले. ऑलिव्हर टार्वेट सॅन डिएगोला शिकत असतानाच २०२५ साली विम्बल्डनची पात्रता फेरी पार करून आला, पहिला सामना जिंकला आणि दुसऱ्यात अल्काराझसमोर उभा राहिला. तेव्हा त्याची क्रमवारी होती ७३३. आमच्या यॉर्कशायरमधल्या हल गावचा पॉल जब २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज टेनिसचा एकेरीचा विजेता झाला. हे करणारा तो पहिला ब्रिटिश मुलगा. ही मुलं मे महिन्यापर्यंत कॉलेजच्या संघासाठी खेळतात आणि जूनमध्ये थेट हिरवळीवर उतरतात. क्रमवारीत ती खाली दिसतात, कारण वर्षातले कितीतरी आठवडे त्यांनी व्यावसायिक स्पर्धा खेळलेल्याच नसतात. खेळ मात्र त्या आकड्याच्या बराच पुढे असतो.

मुलींचं गणित निराळं. अठराच्या आतल्या मुलींना वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळता येतील यावर मर्यादा आहे. त्यामुळे हॅना क्लुगमन किंवा मिका स्टोयसावल्येविच यांच्यासारख्या ज्युनियरमध्ये नाव काढलेल्या मुलींची क्रमवारी त्यांच्या वयाशी जोडूनच वाचायची. मिकानं २०२४ ची अमेरिकन ओपन मुलींच्या गटात जिंकली. हॅना २०२५ साली फ्रेंच ओपनच्या मुलींच्या अंतिम फेरीत होती, तेव्हा सोळा वर्षांची.

सकाळी दारं उघडतात तेव्हाच पोचा आणि आधी सरावाच्या कोर्टाकडे जा. हा सगळ्यात मोलाचा तास, आणि नेमका हाच लोक झोपेत घालवतात. पुण्याला डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, स्पर्धा पाहिली असेल तर हा मोकळेपणा तुमच्या ओळखीचा आहे. खेळाडू तुमच्या शेजारून पिशवी खांद्यावर टाकून जातात. कोर्ट हाताच्या अंतरावर असतं. कोच काय बोलतोय तेही ऐकू येतं.

सामन्यात काय बघायचं? आमचे अण्णा कुस्तीचे वेडे. कुंडलच्या मैदानाला मला बरोबर न्यायचे. मी पैलवानांच्या दंडाकडे बघत बसायची आणि ते म्हणायचे, "हाताकडं काय बघतीस? पाय बघ. पाय आधी बोलत्यात." हिरवळीवर हे अक्षरशः खरं आहे. गवतावर चेंडू उसळत नाही, घसरत पुढे येतो. आवाजही सिमेंटच्या कोर्टासारखा खणखणीत येत नाही, दबका 'टप्प' येतो. गुडघा वाकला नाही तर चेंडू रॅकेटच्या खालून जातो. लांब ढांग टाकणारा घसरतो. म्हणून चेंडूकडे जाताना शेवटची पावलं कोण बारीक करतं, ते बघा.

लोकांना वाटतं ब्रिटिश मुलं गवतावरच वाढली. तसं नाही. इथल्या पावसात आणि थंडीत ती बहुतेक वर्षभर बंदिस्त हार्ड कोर्टांवर खेळतात. गवताचा मोसम जूनचा आणि जुलैचा थोडा भाग, एवढाच. अठरा वर्षांच्या मुलानं हिरवळीवर व्यावसायिक सामने बोटांवर मोजण्याइतकेच खेळलेले असतात. रविवारी गवत हिरवंगार, ओलसर आणि निसरडं असतं. तेव्हा पोरं चाचपडतात, पडतात, घसरून उखडलेला गवताचा तुकडा बुटाच्या टोकानं जागच्या जागी दाबतात. शुक्रवारपर्यंत बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेघ, तपकिरी होते, पायाला पकड मिळते, आणि त्याच पोराच्या चालण्यात आता भरवसा दिसतो. हा बदल एका दिवसाच्या तिकिटात दिसत नाही.

सर्व्हिस राखणं इथे तुलनेनं सोपं असल्यानं एकदा सर्व्हिस भेदली, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्यानंच तो गेम गमावला, की त्याचा सेट बहुधा गेलाच. म्हणून ३०-३० झालं की मोबाइल खाली ठेवा. दोन गुणांमध्ये पंचवीस सेकंद असतात. त्या वेळात पोर काय करतं, टॉवेलकडे जातं की रॅकेटच्या तारा सरळ करतं की कोचकडे बघतं, हे मी वहीत लिहून ठेवते.

एका वर्षी मी एक सतरा वर्षांची मुलगी धरली होती. पात्रता फेरीतला शेवटचा सामना, आडबाजूचं कोर्ट, बाकांवर आम्ही अकरा जण, त्यात एक तिची आई. पहिल्या सेटमध्ये ती प्रत्येक चुकीनंतर आईकडे बघायची. आई प्रत्येक वेळी तशीच मान हलवायची, ना जास्त ना कमी. दुसरा सेट तिनं टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये, काढला. तिसऱ्यात ४-५ वर तिची दुसरी सर्व्हिस जाळीच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडली आणि सामना संपला. तिनं पिशवी भरताना रॅकेटच्या मुठीवरची ओली ग्रिप हळूहळू सोडवली, गुंडाळी केली आणि बाजूच्या खिशात ठेवली. मी टाळ्या वाजवत राहिले. तिनं वर बघितलं आणि हात केला. दुसऱ्या दिवशी दुहेरीत तीच मुलगी जाळीजवळ उभी राहून हसत व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच चेंडू, मारत होती, आणि आईकडे तिनं एकदाही बघितलं नाही. त्या वेळी मी तिथे नसते तर माझ्या वहीत फक्त तिचा पराभवच राहिला असता.

तेव्हा दुहेरी चुकवू नका. एकेरीत हरलेलं पोर पुष्कळदा दुहेरीत असतं. तिथे ४०-४० ला एकच निर्णायक गुण, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. दडपण घेण्याची सवय तिथे झटपट कळते.

आता काही गोष्टी कळकळीनं. गुण चालू असताना उठू नका, बाजू बदलताना हलायचं. दुसऱ्या सर्व्हिसच्या चुकीला टाळी वाजवू नका. हरून बाहेर येणाऱ्या पोराला फोटोसाठी अडवू नका, पाणी पिऊ द्या, तासाभरानं ते स्वतःच थांबतं. आणि सामन्यावर पैसे लावणाऱ्यांच्या नादाला लागू नका. ब्रिटनच्या केटी बोल्टरनं २०२५ साली उघडपणे सांगितलं की हरल्यावर तिला जिवे मारण्याच्या धमक्यांचे मेसेज येतात. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूची ही गत, तर अठरा वर्षांच्या पोराच्या फोनवर काय येत असेल? शक्य असेल तर सामन्यानंतर दोन चांगले शब्द तोंडावर बोला. ती मुलं ते ऐकतात, मी पाहिलंय.

सोबत काय न्यायचं? पावसाचं जाकीट, कारण जूनमध्येही नदीकाठी गार वारा असतो. डब्यात थालीपीठ आणि लोणचं, पाऊस थांबेपर्यंत दम निघतो. पाऊस आला की मदतनीस कव्हर ओढत धावतात, आणि त्या वेळी निघून जाऊ नका. खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा बाकं रिकामी असतात आणि हवी ती जागा मिळते. दुसऱ्या दिवशीचा क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. 'नंतर लगेच' लिहिलेल्या सामन्याची वेळ कोणी सांगू शकत नाही, तेव्हा आधीच्या सामन्याचा दुसरा सेट सुरू झाला की कोर्टाशी जाऊन बसा.

घरी आल्यावर ते नाव सोडू नका. चॅलेंजरचे सामने एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, संकेतस्थळावर फुकट दिसतात, लहान आयटीएफ स्पर्धांचे गुण मोबाइलवर कळतात. माझी ती मुलगी नंतरच्या हिवाळ्यात कुठल्याशा बंदिस्त कोर्टावर खेळत होती. रात्रपाळीच्या चहाच्या वेळेत मी तिचे गुण बघत होते. तिसरा सेट, ५-४, सर्व्हिस तिची. या वेळी ती जाळीत गेली नाही.