पणजोबांच्या भावाचा शोध

पणजोबांच्या भावाचे घराणे शोधण्यासाठी मी पुण्याहून सुमारे दीड हजार किलोमीटरवरील काशीला गेलो, तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थक्षेत्रातील पुरोहितांच्या) वहीत आमच्या आडनावाची एकही नोंद सापडली नाही. चूक माझ्या प्रश्नात होती. परत आल्यावर घरच्या ट्रंकेतील मोडी खरेदीखत जाणकाराकडून वाचून घेतले (मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा नसल्याने विशेषनामे दोनदा पडताळावी लागली) आणि त्यातून मूळ गाव व जुने उपनाव समजले. पुढच्या खेपेस मी आडनावाऐवजी गाव सांगितले. तासाभरात पणजोबांच्या हातची सही समोर आली, तेव्हा मला बोलवेना. खाली भावाचे नाव आणि ‘वस्ती इंदूर’ असे लिहिले होते. इंदूरला आता त्यांच्या पणतीशी भेट झाली आहे.