अळंबी वातड होऊ नये म्हणून

अळंबी आवडत नाही असे सांगणाऱ्या पुष्कळांना पहिल्या घासाची आठवण नकोशी असते. मलाही रश्श्यात बुडालेले, दाताखाली वातड लागणारे ते तुकडे कित्येक वर्षे विसरता आले नव्हते. पण दोष अळंबीचा नव्हता, तिच्यातले पाणी कोणी आटवलेच नव्हते, हे स्वतः स्वयंपाक करू लागल्यावर उमगले.

बटन अळंबीच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणी असते. म्हणून अळंबी झटपट धुऊन लगेच पुसून घ्यावी, जाडसर चिरावी आणि रुंद कढईत, तेल न घालता, चमचाभर पाणी व चिमूटभर मीठ टाकून मोठ्या आचेवर ठेवावी. थोड्याच वेळात ती आकसते आणि तिला भरपूर पाणी सुटते. ते पूर्ण आटून चरचर ऐकू येऊ लागली की मगच तेल किंवा लोणी घालावे व कडा तांबूस होईपर्यंत परतावे. आधीच घातलेले तेल अळंबीतल्या पोकळ्या शोषून घेतात आणि पदार्थ तेलकट होतो. जास्त शिजून लगदा होईल ही भीती मात्र बाळगू नये, कारण तिच्या पेशीभित्तिकांमधील कायटिन हा चिवट घटक उष्णतेने सहसा विरघळत नाही.

शंभर ग्रॅम कच्च्या अळंबीत साधारण २२ कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे तिला मांसाचा पर्याय म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. तिचे खरे मोल ब गटातील जीवनसत्त्वे, सेलेनियम व तांबे यांत आहे. शिवाय तिच्यातील अर्गोस्टेरॉल या घटकाचे उन्हातील अतिनील किरणांमुळे ड२ जीवनसत्त्व बनते. म्हणून चिरलेली अळंबी शिजवण्यापूर्वी अर्धा तास दुपारच्या उन्हात ठेवावी.

रानातली अळंबी जाणकाराने ओळखल्याशिवाय खाऊ नये. विषारी अळंबीने चांदी काळी पडते किंवा किडीने खाल्लेली अळंबी निर्धोक असते, हे समज खोटे आहेत. काही जातींतील अमाटॉक्सिन हे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि त्याची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर, म्हणजे विष अंगात भिनल्यावर दिसतात. विकतची अळंबी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि बुळबुळीत झाली तर टाकून द्यावी.