मोबाईलसाठी मेमरी कार्ड घेताय? मी केलेल्या या चुका टाळा

भाचीच्या बारशाला मी अडीचशे फोटो काढले होते. हॉलवर गॅलरीत बघितले तेव्हा सगळे दिसत होते, घरी येऊन एकेक उघडायला लागलो तर पहिले चाळीसेक ठीक आणि पुढचे सगळे असे की वरच्या अर्ध्यात पाळण्याची झालर, आत्याबाईंची नथ, आणि खालचा अर्धा भाग सपाट राखाडी. त्याच्याही पुढचे तर उघडेचनात. कार्ड १२८ जीबीचं, म्हणजे वर तसं छापलेलं तरी होतं. रस्त्यावरच्या स्टॉलवरून अर्ध्या किमतीत घेतलेलं आणि वर 'बघ किती स्वस्तात आणलं' म्हणून बहिणीला सांगितलेलं.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कार्ड खरं आहे का हे न तपासता वापरायला घेणं. नकली कार्डात आत मेमरी असते ८ नाहीतर १६ जीबीची, पण कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्ड सांभाळणाऱ्या चिपमध्ये, फेरफार करून फोनला १२८ सांगायला लावलेलं असतं. फोन बिचारा विश्वास ठेवतो. खरी जागा संपेपर्यंत काहीच कळत नाही, नंतर फाईलचं नाव लिहिलं जातं पण आतला डेटा कुठेच जात नाही किंवा जुन्यावरच लिहिला जातो. गॅलरीत फोटो दिसत होते कारण थंबनेल, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रती, फोनच्या स्वतःच्या मेमरीत होत्या. मी नंतर फोटोरेक, म्हणजे गेलेल्या फाईल परत मिळवायचं सॉफ्टवेअर, पण चालवून बघितलं, पण जे कधी साठवलंच गेलं नाही ते कुठून परत येणार.

आता मी नवीन कार्ड आणलं की रिकामं असतानाच कॉम्प्युटरला लावतो आणि एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा विंडोजवरचा प्रोग्रॅम चालवतो, लिनक्सवाल्यांसाठी तसाच एफ३ आहे. हे अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं, १२८ जीबीला दोन-तीन तास सहज जातात, रात्री लावून झोपा. कॉम्प्युटर नसेल तर मोठमोठे व्हिडिओ टाकून कार्ड काठोकाठ भरा आणि शेवटचे चार-पाच चालवून बघा. आणि हो, ६४ जीबीच्या कार्डावर ५९ च्या आसपास दिसलं म्हणून भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज कॉम्प्युटर आणि काही फोन १०२४ च्या, एवढाच तो फरक.

दुसरी चूक, फोन काय घेतो ते न बघणं. जुन्या फोनला ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड चालतं, त्यापुढचं एसडीएक्ससी असतं आणि त्याचा एक्सफॅट फॉरमॅट (कार्डावर फाईल मांडून ठेवायची पद्धत) कळला नाही की फोन सारखा 'फॉरमॅट करा' म्हणत बसतो. बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांना एकच जागा असते, दोन्हीपैकी एकच बसतं. आणि हल्लीच्या कित्येक फोनला तर स्लॉटच नसतो, आधी ट्रे काढून बघा आणि मग दुकानात जा.

स्पीडच्या बाबतीत लोक सगळ्यात मोठा आकडा बघून घेतात. ते १००, १५० एमबी लिहिलेलं असतं ते वाचायच्या स्पीडचं, तेही 'पर्यंत'. व्हिडिओ शूट करताना उपयोगी असतो तो लिहायचा स्पीड, आणि त्याची खात्री बारीक चिन्हात असते. क्लास १० किंवा यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०. फोरके, म्हणजे खूप बारकाव्याचा मोठा व्हिडिओ, शूट करत असाल तर यू३ च घ्या, नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच बंद पडू शकतं. नुसती गाणी आणि फोटो असतील तर यू१ भरपूर झालं. कार्डावर ॲप टाकणार असाल तर ए१ हे ॲपसाठीच्या स्पीडचं चिन्ह बघा. त्याच्या वरच्या ए२ ला जास्त पैसे घालायच्या आधी विचार करा, त्याचा पूर्ण फायदा फोनने साथ दिली तरच मिळतो आणि बहुतेक फोन देत नाहीत.

ॲपवरून आठवलं. अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड 'फोन स्टोरेज' म्हणून फॉरमॅट करायचा पर्याय येतो. जागा वाढतेय म्हणून आपण दाबतो खरं, पण मग ते कार्ड एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे डेटा कुलूपबंद होऊन, त्याच फोनला बांधलं जातं. फोन मेला तर कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून काही मिळत नाही. फोटो ठेवायचे असतील तर 'पोर्टेबल', म्हणजे काढून दुसरीकडे लावता येणारा पर्यायच निवडा.

चालू कार्ड अचानक 'करप्ट' दाखवायला लागलं तर लगेच फॉरमॅट दाबू नका. फोन बंद करा, कार्ड काढा, कार्डावरच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर बघा. फोनला दिसत नसलेलं तिथे बऱ्याचदा दिसतं, आधी सगळं कॉपी करून घ्या, फॉरमॅट मग.

आणि कॉम्प्युटरवर फाईल टाकता येत नसेल तर ॲडॅप्टरच्या, म्हणजे छोटं कार्ड ज्यात घालून लावतात त्या मोठ्या खोक्याच्या, बाजूचा छोटा लॉकचा खटका बघा, तो खाली सरकला की कार्डावर काही लिहिताच येत नाही. शेजारच्या काकांनी याच कारणासाठी चांगलं ६४ जीबीचं कार्ड कचऱ्यात टाकायला काढलं होतं, मी नखाने खटका वर केला आणि काकूंनी त्यावर चहा-पोहे खिलवले.