नौसैनिक संघटनेच्या शाखेचा इतिहास लिहायचा, तर कपाट आधी उघडा

माजी नौसैनिक संघटनेच्या शाखेचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक मंडळी पहिल्याच पानावर वाट चुकतात. कान्होजी आंग्र्यांपासून सुरुवात होते, कराचीच्या हल्ल्यावर दहा पाने जातात आणि शाखेच्या वाट्याला शेवटी कार्यकारिणीची यादी तेवढी उरते. नौदलाचा इतिहास इतरांनी लिहिलेला आहे. अकरा तालुक्यांत विखुरलेले मूठभर नौसैनिक समुद्रापासून इतक्या लांब, सोलापुरात, एकत्र का येत राहिले, हे मात्र तुमच्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

पहिले काम कागद गोळा करण्याचे. प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही), पावतीपुस्तके, बँकेची पासबुके, हजेरीपत्रके, निमंत्रणपत्रिका आणि जमाखर्चाच्या वह्या शोधा. शाखेला स्वतःची जागा नसेल, तर हे सगळे जुन्या सचिवांच्या किंवा खजिनदारांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडते. घरच्यांना आधी दोन प्रतींत पावती द्या, मगच वही हातात घ्या. जमले तर वही त्यांच्याच घरी खिडकीजवळ ठेवून मोबाइलवर फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल पानाला समांतर धरा आणि कोरी पानेही सोडू नका. कोरे पान वगळले, की पुढे कोणीतरी विचारतोच, मधली पाने फाडली का म्हणून.

पासबुकाला कमी लेखू नका. प्रोसिडिंग बुक मागाहून एका बैठकीत बसून लिहिलेले असू शकते. सलग चार वर्षांच्या सभा एकाच शाईत आणि एकाच हातात दिसल्या, तर तसा संशय घ्यावा. पासबुकात मात्र प्रत्येक व्यवहाराची तारीख बँकेने टाकलेली असते. हॉलचे भाडे, हार-नारळ, पेढे यांचे पैसे कधी निघाले ते पाहा, म्हणजे सभा खरोखर केव्हा झाली ते कळते.

स्थापनेच्या तारखेवरून हमखास वाद होतो, कारण तारखा तीन असतात: पहिली बैठक, नोंदणी आणि फलकाचे उद्घाटन. तिन्ही छापा आणि प्रत्येकीसमोर पुरावा लिहा. शाखा स्वतंत्रपणे नोंदलेली असेल, तर धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा. महाराष्ट्रात 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, त्यामुळे नोंदणी क्रमांक दोन मिळतात. नकलेत परिशिष्ट 1चा (संस्थेच्या नोंदवहीचा) उतारा आणि कलम 22खालचे सगळे चेंज रिपोर्ट (बदलांचे अहवाल) मागा. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत तो रिपोर्ट द्यावा लागतो, म्हणून अध्यक्ष-सचिवांचा क्रम तिथे बहुधा लावलेला सापडतो. शाखांनी हे रिपोर्ट वेळेवर दिलेले नसतात, ही नेहमीची अडचण. पाच वर्षांचे बदल एकदम दाखल झालेले दिसले, तर रिपोर्टची तारीख ही निवडीची तारीख समजू नका. शाखा नुसतीच मध्यवर्ती संघटनेची असेल, तर हे कागद मुख्य कार्यालयाच्या गावी असतात आणि तिथला वार्षिक अहवाल मागवावा लागतो.

सदस्यांची यादी करताना रकाने मोजकेच ठेवा: पूर्ण नाव, गाव व तालुका, भरतीचे वर्ष, नौदलातील कामाची शाखा (सीमन, स्टोकर, इलेक्ट्रिकल, कम्युनिकेशन, लॉजिस्टिक्स), शेवटचा हुद्दा, निवृत्तीचे वर्ष आणि शेवटी माहिती कुठून मिळाली. हा शेवटचा रकाना लोकांना जड वाटतो. त्याच्याविना मात्र यादीला काही किंमत नाही. निव्वळ निवृत्तिवेतनधारकांच्या यादीवर विसंबलात, तर जुने लोक सुटतील. नाविकाला निवृत्तिवेतनासाठी 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरी आलेल्यांचे नाव त्या यादीत येत नाही, आणि शाखा उभी करणाऱ्यांत नेमके असेही असू शकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करताना जुने नावही सांगा. जुन्या फायलींवर ‘डिस्ट्रिक्ट सोल्जर्स, सेलर्स अँड एअरमेन्स बोर्ड’ असे असते. गावाच्या नावाचेही तसेच आहे. जुन्या सेवापुस्तकांत ‘शोलापूर’ लिहिलेले असते. शिवाय तुळजापूर-उमरग्याकडचे सदस्य कागदावर उस्मानाबाद जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, असतात. त्यांना परके ठरवून वगळू नका. नाविकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. तिथे अर्ज स्वतः नाविकाने किंवा त्याच्या वारसाने करावा आणि सेवाक्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहावा. शाखेच्या लेटरहेडवर दुसऱ्याची वैयक्तिक नोंद मागून उपयोग नाही.

खरी मेहनत आठवणी तपासण्यात आहे. माणूस खोटे सांगत नाही, वर्षे मात्र सरकतात. तपासायला जहाजांचाच आधार घ्या. त्यात पहिला सापळा असा की नौदलात तीच नावे पुन्हा येतात. ‘मी मैसूरवर होतो’ म्हणणारा 1957 ते 1985मधल्या क्रूझरवर असेल किंवा 1999नंतरच्या विनाशिकेवर. दिल्ली दोन: जुनी 1978ला निवृत्त झाली, नवी 1997ला आली. विक्रांत 1961 ते 1997 आणि पुन्हा 2022पासून. खुकरी 9 डिसेंबर 1971ला बुडाली, तिच्या नावाची दुसरी 1989ला आली. तलवारचा घोळ सगळ्यांत मोठा. फेब्रुवारी 1946चा नाविकांचा उठाव जिथे पेटला ती तलवार जहाज नव्हती, मुंबईतली सिग्नल प्रशिक्षण संस्था होती. 1971च्या युद्धातली तलवार फ्रिगेट होती. 2003ला आणखी एक आली. म्हणून वर्ष विचारल्याशिवाय जहाजाचे नाव लिहू नका.

दुसरा सापळा किनाऱ्यावरच्या तळांचा. नावामागे आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) लागले की घरचे ‘जहाज’ समजतात. लोणावळ्याची शिवाजी, जामनगरची वालसुरा, मालाडची हमला, मुंबईची आंग्रे हे सगळे जमिनीवरचे तळ आहेत. ‘वडील शिवाजी जहाजावर जगभर फिरले’ हे वाक्य तसेच छापले, तर पहिला हसणारा तुमचाच सदस्य असेल. चिल्का हे प्रशिक्षण केंद्र 1980ला सुरू झाले. तेव्हा ‘1974ला भरती, चिल्काला ट्रेनिंग’ असे कोणी सांगितले, तर दोहोंपैकी एक चुकले आहे, सेवापुस्तक मागा.

मुलाखत तासाभराची, फार तर दीड तासाची. नंतर माणूस थकतो आणि तीच गोष्ट पुन्हा सांगू लागतो. पंखा बंद करता आला तर करा. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज सगळे खातो. म्हणून सोलापुरात एप्रिल-मेऐवजी डिसेंबर-जानेवारी धरा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे रेकॉर्डरवर बोला, आणि छापण्याची संमती लेखी घ्या. ‘तुमचा अनुभव सांगा’ या प्रश्नाने काही निघत नाही. पहिली वर्गणी किती होती, सभेचा निरोप तालुक्याला कसा जायचा, बार्शी-करमाळ्याहून येणारा कोणत्या गाडीने यायचा, कोणाच्या निवृत्तिवेतनासाठी किती फेऱ्या झाल्या, ते विचारा. कन्नड किंवा तेलुगूत मोकळे होणाऱ्यांना त्या भाषेत बोलू द्या. भाषांतर नंतर करता येते. घरातल्या बाईंची मुलाखत वेगळी घ्या. नवरा ड्राफ्टवर, म्हणजे बदलीच्या नेमणुकीवर, असताना मनीऑर्डर, आजारपणे, शाळा तिने सांभाळल्या, आणि पतीच्या मागे शाखेची मदत झाली की नाही हे तिलाच ठाऊक.

फोटोंची तारीख ठरवायला नौदलाचा ध्वज उपयोगी पडतो. 1950पासून पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. 2001ला क्रॉस गेला आणि निळे नौदलचिन्ह आले. 2004ला क्रॉस परतला, मध्यभागी अशोकस्तंभ घेऊन. 2 सप्टेंबर 2022पासून क्रॉस नाही, शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. मात्र शाखेने जुना ध्वजच वर्षानुवर्षे लावलेला असू शकतो. त्यामुळे ध्वजावरून ‘याआधीचा फोटो नाही’ एवढेच म्हणा, ‘यानंतरचा नाही’ असे म्हणू नका. तसेच ‘नौदल दिन, 4 डिसेंबर 1968’ अशी ओळ दिसली, तर ती मागाहून लिहिलेली समजा. 4 डिसेंबर हा नौदल दिन 1971च्या कराची हल्ल्यानंतर, 1972पासून ठरला.

वर्तमानपत्रे वर्षभराची चाळत बसू नका. नौदल दिन (4 डिसेंबर), ध्वजदिन (7 डिसेंबर), विजय दिवस (16 डिसेंबर), 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट यांच्या नंतरचे तीन-तीन अंक पाहा. स्थानिक बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि स्थानिक दैनिकांच्या कार्यालयांत जुने अंक बघायला मिळतील का, ते आधी फोन करून विचारा. हुतात्म्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरील नावांशी ताडून घ्या. 1947च्या आधीची नावे तिथे शोधू नका.

स्कॅन कागदाला 300 आणि फोटोला 600 डीपीआय. मूळ प्रत टिफ, वाटायला जेपीजी. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलनेच लिहा, कारण बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही कायमचे नुकसान करतात. गंजलेल्या टाचण्या काढून टाका. पत्र्याच्या खोलीत कपाट ठेवलेत, तर उन्हाळ्यात कागद भाजून ठिसूळ होतो. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवा. फायलींच्या तीन प्रती, त्यातली एक सोलापूरबाहेर.

छपाईला पाने चारच्या पटीत धरा. 48 किंवा 64 पानांना मधली पिन पुरते. सेवाक्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक, घरचा पत्ता, सेवेतून मुक्त होण्याचे कारण हे काही छापू नका. डीटीपीवाला श्री-लिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत काम करत असेल, तर युनिकोड मजकूर बदलताना रफार आणि ‘ऱ्य’ फुटतात. ‘कार्याध्यक्ष’ आणि ‘दर्यावर्दी’ हे शब्द आधी तपासा. शेवटचे प्रूफ दोघांनी वाचावे, एकाने नावे मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने मूळ वहीतल्या नावावर बोट ठेवायचे.